वाऱ्याचे वारकरी

आमच्या सोसायटीत दोन वारकरी आहेत. एक तळमजल्यावरचे आबा. ते आषाढीच्या आधी आळंदी गाठतात, तिथून पायी पंढरपूरला जातात आणि चार किलो वजन विठ्ठलाच्या पायाशी ठेवून परत येतात. दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा. हे वाऱ्याचे वारकरी. महिन्यातल्या दोन रविवारी पहाटे पाचला मोटारसायकल काढतात, कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे जातात आणि दुपारी जेवायला घरी हजर. साताऱ्यात त्यांचं कुणी नाही. काही काम नाही. कंदी पेढेसुद्धा आणत नाहीत. जाताना डोक्याला वारा कसा लागला आणि येताना कसा लागला, एवढंच बघायला हा माणूस सव्वादोनशे किलोमीटर फिरून येतो.

अण्णा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं कालवे, मोऱ्या, सांडवे. निरोपसमारंभात खात्यानं त्यांना चांदीचा गणपती दिला आणि अण्णांनी स्वतःला टूरिंगची मोटारसायकल दिली. साठीला आलेला माणूस गुडघ्याला तेल लावतो, अण्णा चेनला लावू लागले. बेत असा होता की वहिनींना मागे बसवून कन्याकुमारीपर्यंत जायचं. नकाशा आला, पिशव्या आल्या, रंगीत तालीम म्हणून दोघं कोल्हापूरला गेली. तिथं अंबाबाईपुढे अण्णांनी मान वाकवली, ती वर येईना. गाभाऱ्यातल्या गर्दीला वाटलं, केवढी भक्ती!

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. कन्याकुमारी जिथं होती तिथंच आहे.

कोल्हापूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात भेटले तेव्हा मान चिंचेच्या आकड्यासारखी. मी विचारलं, काय झालं?

"बफेटिंग," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, कोल्हापुरात कुणाचं लग्न होतं. म्हटलं, "बुफेत धक्के खावे लागतातच हो, पण निदान हातात ताट तरी असतं."

अण्णा हसले नाहीत. वाऱ्याच्या बाबतीत ते कधीच हसत नाहीत. त्यांनी मला घरी नेलं, चहाचा ट्रे टेबलावर उभा धरला, त्याच्यामागे साखरेचा डबा ठेवला आणि तेव्हापासून मी त्यांचा एकुलता एक विद्यार्थी झालो.

"वारा म्हणजे काय? पातळ पाणी. पाणी त्याच्या आठशे पट जड, एवढाच काय तो फरक. स्वभाव तोच. अडवलं की चढतं, चढलं की उडी मारतं, उडी मारली की खाली भोवरा. हा ट्रे म्हणजे गाडीची काच. काच म्हणजे धरण. वारा तिच्या वरच्या कडेवरून उडी घेतो, काचेच्या मागे पोकळी, दाब कमी, तिथं तो गरगरत आत ओढला जातो. आता सांगा, आपलं डोकं कुठं आहे?"

मी साखरेच्या डब्याकडे बघितलं.

"सांडव्याखाली!" अण्णा म्हणाले. "सांडव्याखाली आम्ही कधी चौकीदाराचं खोपटं बांधू दिलं नाही, आणि इथं कंपनीनं माणसाचं डोकं ठेवलंय!"

मग जोराचं गणित. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट. ताशी ५० ला चौरस मीटरमागे साधारण १२ किलो, १०० ला ४७. "म्हणजे जवळजवळ सिमेंटची गोणी. माणूस अर्ध्या चौरस मीटरचा धरा, अर्धी गोणी छातीवर. त्याचं काही नाही. छातीवर अर्धी गोणी ठेवली तर माणूस सवय करून घेतो. पण कुणी ती गोणी उचलून आपटत, उचलून आपटत कोल्हापूरपर्यंत आलं तर? ते बफेटिंग."

आवाजाचंही कोष्टक त्यांना पाठ. कानाला ८५ डेसिबल सोसवतात ते आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हेल्मेटच्या आत हायवेच्या वेगाला शंभरीच्या आसपास जातं, म्हणजे हिशेबानं पंधरा मिनिटं. "पंधरा मिनिटांत आपण कात्रजला पोचत नाही," अण्णा म्हणाले. म्हणून ते कानांत फोमचे बोळे घालतात. घरी आल्यावर काढायला विसरतात, असं वहिनींचं म्हणणं. विसरत नाहीत, असं माझं.

खात्याची सवय म्हणून अण्णांनी वही घातली. पाटबंधाऱ्यात जशी मोजमाप पुस्तिका, एमबी, तशीच ही वाऱ्याची एमबी. रकाने आखलेले: दिनांक, काच, उंची, कोन, वेग, वाऱ्याची दिशा, मानेची स्थिती आणि शेरा. शेऱ्याचा रकाना वहिनींकडे, कारण मागच्या सीटवरचं माप तेवढंच महत्त्वाचं. उडी मारलेला वारा पुढच्याला चुकला तर मागच्याला गाठतो. त्यातून अण्णांनी ब्रेक दाबला की वहिनींचं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं, तेही माप वहीत होतंच. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यांचे शेरे प्रगतिपुस्तकातले: "साधारण", "बरे", "सुधारणेस वाव आहे". एका पानावर नुसतं "पालकांनी भेटावे" असं लिहिलं आहे.

आता काचांचा इतिहास.

पहिली काच कंपनीची, पापडाएवढी. तिच्यामुळे स्पीडोमीटरला वारा लागत नाही, बाकी सगळ्यांना लागतो. दुसरी उंच, बाजारातून आणलेली. तिनं छाती शांत केली आणि सगळा वारा नेमून दिल्यासारखा हेल्मेटवर सोडला. "छातीत हिमालय, डोक्यात ढोलपथक," अण्णांनी वहीत लिहिलं. वहीतला त्यांचा हा एवढाच साहित्यिक उतारा.

उंचीनं भागलं नाही तर आणखी उंची, हा कुणालाही सुचणारा उपाय त्यांनाही सुचला. नाना पेठेत स्पेअर पार्टची अर्धी दुनिया मिळते, पण दोन फूट उंच काच मिळेना. तेव्हा ते डॉक्टरांच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यानं उरलेल्या ॲक्रिलिकमधून नंबर तीन कापून दिली. या काचेवर आधी अक्षरं होती. खरवडली तरी त्यांची सावली राहिली. ऊन तिरकं आलं की अण्णांच्या छातीवर अस्पष्ट उमटायचं: कृपया चपला बाहेर काढाव्यात.

या काचेनं वारा थांबला. दिसणंही थांबलं. काचेच्या वरून बघायचं असतं, आरपार नाही, हे ज्ञान अण्णांना जुलैत खंबाटकीच्या घाटात झालं. वर पाऊस, पुढे ट्रकनं उडवलेला चिखल, काचेला वायपर नाही, आणि काच नाकाच्या वर चार बोटं. वाकून बाजूनं बघत, एखाद्या पडद्यामागच्या नव्या सुनेसारखे ते घाट चढले. तेव्हापासून नियम: काचेची कड नाकाच्या शेंड्याच्या वर जाता कामा नये. पुढं नंबर तीनला स्क्रू जरा जास्त आवळला गेला आणि ती भोकापासून तडकली. ॲक्रिलिक तडकतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. म्हणून नंबर चार पॉलिकार्बोनेटची. ती आमच्या वॉचमननं प्रेमानं पेट्रोलच्या फडक्यानं पुसली. पेट्रोल या मालाला चालत नाही. काच साय धरल्यासारखी झाली. "साहेब, चमकवली," तो म्हणाला. अण्णांनी त्याला दहा रुपये दिले आणि पुढचे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

नंबर पाच म्हणजे काच नव्हे, काचेची टोपी. वरच्या कडेला चिमट्यांनी बसवायची एक पट्टी, पुढेमागे झुकणारी. नंबर सहा कोन बदलायच्या पट्ट्या. नंबर सात फेअरिंगची, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणाची, पुरवणी. अण्णांचा शोध असा की सगळा वारा वरूनच येतो असं नाही, पुढच्या चाकाच्या फोर्कमधून खालूनही येतो आणि हनुवटीखाली शिरून हेल्मेट वर उचलतो. त्यांनी ट्रकच्या मडफ्लॅपचं रबर कापून दोन्ही बाजूंना लावलं. समोरून गाडी हत्तीसारखी दिसायची. नंबर आठ हेल्मेट. त्याला पुढे टोपीची चोच होती. चोच म्हणजे पतंग, ९० ला ती मान आकाशाकडे नेते. चोच काढली.

या सगळ्या काळात अण्णांचा सत्संग चालूच होता. आबांना जसे ज्ञानोबा-तुकोबा, तसे अण्णांचेही संत आहेत, फक्त ते इटली-जर्मनी-अमेरिकेकडचे. मोटो गुझ्झीनं १९५० साली मांदेल्लो देल लारिओला कारखान्यातच वाऱ्याचा बोगदा बांधला, अख्खी मोटारसायकल आत मावेल एवढा. हे अण्णा "समाधी घेतली" अशा सुरात सांगतात. मग रेसच्या गाड्यांना पुढचं चाकसुद्धा झाकणारी फेअरिंग आली. तिचं नावच डस्टबिन. सरळ पळताना झकास, पण आडवा वारा आला की शिडाच्या होडीसारखी. १९५८ पासून रेसमध्ये बंद. मग अमेरिकेत क्रेग वेटरची विंडजॅमर, सत्तरच्या दशकात कुठल्याही गाडीला चढवता येणारी. आणि १९७६ सालची बीएमडब्ल्यू आर-१००-आरएस, जिची पूर्ण फेअरिंग पिनिनफरिनाच्या बोगद्यात घासूनपुसून घेतली होती. "कारखान्यातून अंगरखा घालूनच बाहेर पडली," अण्णा डोळे मिटून म्हणाले. आयआयटी कानपूरला राष्ट्रीय पवन-बोगदा आहे हे कळलं तेव्हा त्यांनी तिथं जायचा विचार केला होता. मोटारसायकलवरून. पण कानपूरपर्यंत मान टिकायची असेल तर आधी बफेटिंग जायला हवं, आणि ते घालवायलाच तर कानपूरला जायचं. तेव्हा त्यांनी बोगदा इथंच केला.

पार्किंगमध्ये. तीन टेबलफॅन एकावर एक, पुढे बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या कप्प्यांची जाळी, वारा सरळ यावा म्हणून. समोर मोटारसायकल. सीटवर अण्णांच्या मापाची उशी, उशीवर हेल्मेट. आणि हातात उदबत्त्या. उदबत्तीचा धूर सरळ रेघेत काचेवर चढत होता, कडेवरून सुटला की मात्र तुटून त्याच्या गुंडाळ्या व्हायच्या, आणि त्या गुंडाळ्या बरोब्बर हेल्मेटच्या कपाळावर फुटायच्या. मी थक्क झालो. सहा वर्षं जे ऐकत होतो ते डोळ्यांना दिसत होतं. अण्णा उदबत्ती वर-खाली, डावी-उजवी फिरवत होते. तेवढ्यात आबा भजनाहून आले. त्यांनी गाडी पाहिली, उदबत्त्या पाहिल्या, चपला काढल्या आणि हात जोडले. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नारळ घेऊन आल्या. "नवीन घेतली का? सांगायचं तरी!" अण्णांनी नारळ फोडला. वहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात वहिनींनी लिहिलंय: "प्रसाद उत्तम."

रस्त्यावरची चाचणी याहून प्रेक्षणीय. नातवाच्या स्वेटरची लोकर वहिनींनी काढून ठेवली होती, तिचे बोटभर तुकडे अण्णांनी काचेवर आणि हेल्मेटवर चिकटवले. वारा सरळ असेल तर धागा निमूट पडून राहतो, भोवरा असेल तर नाचतो. त्या दिवशी हेल्मेटवर लोकरीची लेझीम चालली होती. शिवाय उठाबशीची चाचणी. चालत्या गाडीवर फूटरेस्टवर उभं राहायचं. डोकं भोवऱ्याच्या वर निघालं की वारा लागतो जोरात, पण सरळ लागतो, गडगडाट थांबतो. मग टाकीवर पालथं व्हायचं, भोवऱ्याखाली, तिथंही शांत. या दोन शांततांच्या मधे किती इंच, ते माप. म्हणजे अण्णा साताऱ्याच्या रस्त्यावर उभे राहणार, वाकणार, उभे राहणार, वाकणार. मी मागून माझ्या गाडीवर होतो. शेजारून जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं बघितलं आणि स्टिअरिंगवरचा हात उचलून तितक्याच अदबीनं उलट मुजरा केला.

मापाचा निकाल एकच: अण्णांचं डोकं दोन शांततांच्या बरोब्बर मधे. त्यांची बैठक उंच. "कंपनीनं ही काच ज्या माणसाच्या मापानं केली ना, त्याला मला एकदा भेटायचंय," ते म्हणायचे. "मारणार नाही. फक्त सोबत कोल्हापूरला नेणार."

अण्णा मूळचे रावेरकडचे, केळीच्या मुलखातले. या मे महिन्यात ते भाच्याच्या लग्नाला गावी गेले. गाडीनं नव्हे, रेल्वेनं. लग्न लागलं, जेवणं झाली, पुरुषमंडळी आडवी झाली आणि अण्णा सवयीप्रमाणे वारा कुठून येतोय ते बघायला बागेत गेले. केळीला वाऱ्याचं फार भय. पानं फाटतात, घडासकट झाड आडवं होतं. म्हणून बागेभोवती शेवरी लावायची, ही तिकडची जुनी रीत. मेव्हण्यानं यंदा एका बाजूची शेवरी काढून विटांची भिंत बांधली होती. वारा काय, डुक्करही येणार नाही, अशी. अण्णा बघतात तो भिंतीला खेटलेल्या दोन ओळी धड, आणि त्यापुढच्या ओळींच्या पानांच्या चिंध्या. शेवरीच्या बाजूची बाग मात्र शहाण्या मुलांच्या वर्गासारखी उभी.

त्यांनी तिथूनच मला फोन केला. पाठीमागे वरातीचा बँड वाजत होता.

"अहो, भिंत नको! शेवरी पाहिजे!"

"कुणाला?"

"गाडीला! शेवरी वारा अडवत नाही, गाळते. थोडा आतून सोडते म्हणून वरच्याला उडी मारायला पोकळीच मिळत नाही. मी तेहतीस वर्षं धरणांना मोऱ्या ठेवल्या हो, आणि काचेला एक ठेवली नाही!"

पुण्यात आल्या आल्या त्यांनी नाना पेठेतून चार बुश आणि चार लांब स्क्रू आणले. सगळा खर्च दोन आकडी. काच नंबर दोनला वरून तीन इंच कापलं, कड घासून गोल केली आणि बुश घालून ती गाडीपासून दोन सेंटिमीटर पुढे सरकवली, म्हणजे खालून फट राहिली. फटीतून शिरणारा वारा काचेच्या मागची पोकळी भरणार आणि वरून येणाऱ्याला वरच्या वर ढकलणार. मडफ्लॅप, टोपी, पट्ट्या, सगळं उतरलं. गाडी पुन्हा गाडीसारखी दिसू लागली. वॉचमननं विचारलं, "साहेब, विकली का जुनी?"

अंतिम चाचणीसाठी अण्णांनी चाळकेवाडीचं पठार निवडलं. सज्जनगडाचा रस्ता, मग ठोसेघर, आणि वर पवनचक्क्यांचं रान. तिथं वारा कधी सुट्टी घेत नाही. अण्णांच्या मागच्या सीटवर वहिनी, मी मागून होतो. समोरून वारा असा की माझ्या हेल्मेटमध्ये ताशाचा सराव चाललेला. अण्णांचं हेल्मेट मात्र निश्चल. त्यावर चिकटवलेले लोकरीचे धागे तेल लावून चापून बसवल्यासारखे. वर पोचल्यावर अण्णा उतरले नाहीत. गाडीवर बसूनच त्यांनी त्या पांढऱ्या अवाढव्य पात्यांकडे पाहिलं आणि दोन बोटांनी सलाम केला, जसा एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यातल्याला करतो. मान सरळ होती.

परतताना शिरवळला चहासाठी थांबलो. माझी गाडी लागायच्या आत अण्णा धावत आले. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"ऐकू आलं! तिचं बोलणं ऐकू आलं! सहा वर्षांत पहिल्यांदा! शब्द न् शब्द!"

"काय म्हणाल्या वहिनी?"

"म्हणाली, अहो, हळू चालवा! अगदी स्वच्छ! ह-ळू-चा-ल-वा! मी म्हटलं पुन्हा म्हण, आणि वेग वाढवला. मग पुन्हा म्हण, आणखी वाढवला. बघा, बघा, लिहिलंय."

वहिनी मागून सावकाश आल्या, हेल्मेट काढलं, बाकड्यावर बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनीच शिकवलेलं गणित मला मनातल्या मनात आठवत होतं: ९० वरून ७० वर आलं की वाऱ्याचा जोर चाळीस टक्क्यांनी आपोआप कमी. बुश नको, स्क्रू नको, काच नको. वहिनी एकतीस वर्षं वर्ग आणि वर्गमूळ शिकवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहात बिस्कीट बुडवलं.

अण्णा दुसरा कटिंग मागवायला गेले. वही बाकड्यावर उघडी होती. त्यांच्या टपोऱ्या अभियंता अक्षरात लिहिलेलं:

"वेग ७०: 'हळू चालवा' स्पष्ट. वेग ८०: 'हळू चालवा' स्पष्ट. वेग ९०: 'हळू चाल'. शेवटचे अक्षर जाते. फट ५ मिमीने वाढवून पाहणे."

शेऱ्याचा रकाना भरून झाला होता. लाल पेन होतं.

"ऐकू येते. ऐकत नाहीत."